लहान विद्यापीठातील संगीतशिक्षण आणि वृंद: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

परदेशी शिक्षणाविषयीच्या आमच्या अंकानंतर संगीतासंबंधी बरीच पत्रे आली. त्यांपैकी चार पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. जागेअभावी पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद आहे. येत्या ऑगस्टमध्ये ती अमेरिकेतील जेमतेम तीन हजार विद्यार्थ्यांच्या एका विद्यापीठात जीवशास्त्र शिकण्यासाठी जाणार आहे. संगीत हा तिचा मुख्य विषय नसेल. तरीही तिथल्या गायनवृंदात तिला प्रवेश मिळेल का? तिला स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी, वाचता येत नाही. शिवाय कॉयरमध्ये गायल्याने तिचा ख्यालाचा गळा बिघडेल, अशी भीती तिच्या गुरुजींना वाटते. (एक पालक, सांगली)

उत्तर : प्रवेश मिळण्याची शक्यता चांगली आहे आणि त्याचे कारण विद्यापीठाच्या आकारातच आहे. ज्या मोठ्या विद्यापीठात संगीताचे स्वतंत्र विद्यालय असते आणि संगीतालाच वाहून घेतलेले शेकडो विद्यार्थी असतात, तिथे मुख्य वृंदातील बहुतेक जागा त्यांच्याकडेच जातात. लहान विद्यापीठात संगीताचे विद्यार्थी मोजकेच असतात. साठ जणांचा गायनवृंद किंवा पन्नास जणांचा वाद्यवृंद उभा करायचा तर रसायनशास्त्र, अर्थशास्त्र, इतिहास अशा विषयांचे विद्यार्थी घ्यावेच लागतात. विस्कॉन्सिन राज्यातील ऍपलटन गावचे लॉरेन्स विद्यापीठ हे याचे चांगले उदाहरण आहे. १८४७ साली स्थापन झालेल्या आणि सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांच्या या विद्यापीठात संगीताची स्वतंत्र कॉन्झर्व्हेटरी, म्हणजे संगीतविद्यालय, आहे, आणि तरीही तिथले वृंद चाचणी देणाऱ्या कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्यासाठी खुले असतात.

ही चाचणी, म्हणजेच ऑडिशन, बहुधा सत्राच्या पहिल्याच आठवड्यात होते. नव्या मुलांचा तो आठवडा खोली लावण्यात आणि बँकेत खाते उघडण्यात जातो, आणि चाचणीच्या वेळेसाठी नाव नोंदवायचे राहून जाते. म्हणून संगीत विभागाला जुलैमध्येच पत्र पाठवून तारीख विचारून घ्यावी. चाचणीत साधारणपणे चार गोष्टी पाहतात. आवाजाचा पल्ला कुठून कुठपर्यंत आहे, पियानोवर वाजवलेली चार-सहा स्वरांची ओळ ऐकून तशीच म्हणता येते का, समोर ठेवलेले सोपे नोटेशन पाहून गाता येते का आणि तयार करून आणलेले एक गाणे कसे गायले जाते. दुसऱ्या भागात आपल्या मुलीला अडचण येणार नाही, कारण गुरूने घेतलेली तान ऐकून तशीच उचलणे हेच ती इतकी वर्षे करत आली आहे. अडचण येईल ती तिसऱ्या भागात.

त्यासाठी आतापासून ऑगस्टपर्यंत रोज वीस मिनिटे दिली तरी पुष्कळ काम होईल. अमेरिकेतील बऱ्याच संगीत विभागांत स्वरवाचन शिकवताना ‘डो’ हा सरकता मानतात. गाण्याचा आधारस्वर कोणताही असो, त्याला ‘डो’ म्हणतात. आपला षड्जही असाच आहे. हार्मोनियमच्या काळी चारमध्ये लावला तरी तो सा आणि पांढरी एकमध्ये लावला तरी तो सा. ज्या मुलीने भातखंडे पद्धतीची स्वरलिपी वाचली आहे, तिला पाच रेघांवरचे टिंब कोणत्या स्वराचे आहे हे कळायला फार दिवस लागत नाहीत. लयीची चिन्हे मात्र वेगळी शिकावी लागतात. मात्रेचा विभाग आपण कंसाने दाखवतो, तर तिथे तो टिंबाच्या आकाराने आणि शेपटीने दाखवतात. बालवाद्यशिक्षणाची पहिली दोन पुस्तके घेऊन आधी नुसत्या टाळ्यांवर लय वाचावी आणि मग त्यात स्वर घालावेत. दोन्ही एकदम घेतले की गोंधळ होतो.

आता गुरुजींच्या भीतीविषयी. ती निराधार नाही, म्हणून तिचे उत्तर सविस्तर देते. ख्याल शिकलेल्या मुली बहुधा काळी चार किंवा काळी पाचमध्ये, छातीच्या भरदार आवाजात गातात. कॉयरमध्ये स्त्रियांचे दोन मुख्य गट असतात, वरचा सोप्रानो आणि खालचा ऑल्टो. काळी चारच्या पट्टीच्या हिशेबाने सांगायचे तर ऑल्टोचे काम साधारणपणे मंद्र निषादापासून तार मध्यमापर्यंत चालते. सोप्रानोला मात्र तार सप्तकाच्या निषादापर्यंत जावे लागते आणि तेही हलक्या, डोक्यातून येणाऱ्या आवाजात. आपल्या मुलीने आग्रहाने ऑल्टोमध्ये बसावे. नवख्या मुलीचा आवाज स्वच्छ आहे असे पाहून काही संचालक तिला सोप्रानोत बसवतात, आणि ती छातीच्या आवाजातच वर चढू लागते. गळा बिघडतो तो अशा वेळी. तिने चाचणीतच सांगावे की माझे शिक्षण खालच्या पट्टीत झाले आहे आणि मला ऑल्टोत गायचे आहे. हे सांगण्यात कमीपणा नाही. अनुभवी संचालकाला अशी माहिती हवीच असते.

मी स्वतः अशाच एका लहान विद्यापीठाच्या वृंदात दोन वर्षे ऑल्टोच्या रांगेत उभी राहिले. पहिल्या महिन्यात एका तालमीत एका लांब स्वरावरून दुसऱ्यावर जाताना माझ्याकडून सहज मींड घेतली गेली, म्हणजे स्वर सलग घसरत गेला. संचालकांनी हात थांबवला आणि अतिशय सौम्यपणे विचारले, ‘हा मधला रस्ता सुंदर आहे, पण शेजारच्या बाराजणी त्यावरून कशा चालणार?’ त्या दिवशी मला कळले की एकल गाण्यात जो स्वराचा अलंकार ठरतो, तोच वृंदात शेजारणीच्या स्वरावर पडलेला डाग ठरू शकतो. स्वर ठरलेल्या क्षणी सुरू करायचा, ठरलेल्या क्षणी सोडायचा आणि मधल्या काळात तो हलू द्यायचा नाही. हे ऐकायला रूक्ष वाटते. पण सरळ, लांब, न हलणारा स्वर लावण्याची सवय मला खर्जाच्या रियाजाने जितकी लावली, तितकीच त्या दोन वर्षांनी लावली.

आणखी एक गोष्ट गुरुजींना जरूर सांगावी, त्यांना ती आवडेल. पियानोचा गंधार हा तंबोऱ्याच्या गंधाराहून किंचित चढा असतो. जुळवलेल्या तंबोऱ्याच्या खर्जातून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, तो पियानोच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंटनी खाली असतो, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्श्याइतका. चांगला गायनवृंद जेव्हा पियानोशिवाय गातो, तेव्हा स्वरमेळातील गंधार गाणाऱ्यांना संचालक पुन्हा पुन्हा सांगतात की स्वर थोडा खाली, थोडा आत ठेवा. तंबोऱ्यावर वाढलेल्या मुलीचा कान तिथे आपोआप जातो. माझ्या आठवणीत, ज्या तालमीत सबंध वृंदाचा गंधार पहिल्यांदा तसा बसला, त्या दिवशी रिकाम्या सभागृहात असा नाद घुमला की कोणी काही बोलले नाही आणि संचालकांनी हात खाली आणायला नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला.

रियाज मात्र तिने सोडता कामा नये. आठवड्यातून दोन-तीन तालमी, त्यात जीवशास्त्राची प्रयोगशाळा, म्हणजे वेळ कमी पडणारच. तरी संगीत विभागात सरावाच्या बंद खोल्या असतात आणि सकाळी सात-आठच्या सुमारास त्या रिकाम्या असतात. तिथे तंबोऱ्याचे ऍप लावून अर्धा तास खर्ज आणि मग एका रागाची बढत, एवढे तिने ठेवले तर गुरुजींना सुट्टीत तक्रारीला जागा राहणार नाही.

प्रश्न : मी अकरा वर्षे तबला शिकतो आहे. परदेशी विद्यापीठातील वृंदांमध्ये तबल्याला जागा असते का? आणि वाद्य नेण्यासंबंधी काय काळजी घ्यावी? (एक विद्यार्थी, नागपूर)

उत्तर : वाद्यवृंदाच्या छापील संगीतात तबल्याला जागा नसते, हे आधीच मान्य करावे. जॅझच्या किंवा आधुनिक रचनांच्या लहान गटात एखादा शिक्षक तुम्हाला आनंदाने बोलावील, पण ते माणसावर अवलंबून असते. माझा सल्ला थोडा वेगळा आहे. तबला घेऊन वृंद शोधण्यापेक्षा तुमची लय घेऊन दुसऱ्या एखाद्या वाद्याच्या वृंदात जावे.

कनेटिकट राज्यातील मिडलटाउन येथील वेस्लियन विद्यापीठ हे यासाठी मला नेहमी आठवते. तिथे पदवीचे विद्यार्थी सुमारे तीन हजार आहेत, म्हणजे आपल्याकडील एखाद्या मोठ्या महाविद्यालयापेक्षाही कमी. तरी १९६०च्या दशकापासून त्या विद्यापीठाने जगभरच्या संगीतपरंपरा प्रत्यक्ष वाजवून शिकवण्याचा आग्रह धरला. बासरीवादक टी. विश्वनाथन आणि मृदंगवादक टी. रंगनाथन या भावांनी तिथे अनेक वर्षे शिकवले. भरतनाट्यमच्या थोर नर्तिका बालसरस्वती या त्यांच्या भगिनी. याच विद्यापीठातून जॉन हिगिन्स नावाचा एक अमेरिकन विद्यार्थी कर्नाटक संगीतात इतका तयार झाला की तमिळनाडूतील रसिक त्याला ‘हिगिन्स भागवतर’ म्हणू लागले. १९८४ साली एका मोटार अपघातात त्याचे निधन झाले, तेव्हा तो त्याच विद्यापीठात काम करत होता. तिथे दर शरद ऋतूत नवरात्र महोत्सव होतो. तिथल्या वृंदांमध्ये जावा बेटाचा गॅमेलान आणि पश्चिम आफ्रिकेचा ढोलवृंद हे दोन्ही आहेत.

तबलजीने गॅमेलानमध्ये एक तरी सत्र बसावे असे मला मनापासून वाटते. वीसेक माणसे कांशाच्या पट्ट्या आणि झांजांसारखी भांडी वाजवत असतात, आणि प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी सगळ्यांत मोठी घंटा, ज्याला गाँग म्हणतात, एकदाच वाजते. आपण समेला आवर्तनाची पहिली मात्रा म्हणून मोजतो. जावाचे वादक वजनाची मात्रा शेवटची म्हणून मोजतात, म्हणजे चारच्या गटात भर चौथ्यावर पडतो. तबला शिकलेला मुलगा पहिले काही दिवस एका मात्रेने चुकीच्या जागी बसतो. मग एके दिवशी त्याला उमगते की तिहाई घेऊन समेवर येताना आपणही नेमके हेच करतो. सम हा आरंभ असतो तसाच शेवटही असतो. तिथे बसण्याची रीतही तुम्हाला परकी वाटणार नाही. बूट बाहेर काढायचे, जमिनीवर बसायचे आणि वाद्य ओलांडून जायचे नाही.

पण एक पथ्य पाळावे. पहिल्याच दिवशी आपली तयारी दाखवण्याच्या मोहात पडू नये. वृंदात तुमच्या वाट्याला आठ मात्रांत एक ठोका येईल, आणि तो एक ठोका सबंध सत्रभर बरोबर जागी टाकणे ही साधी गोष्ट नाही.

वाद्याची काळजी अशी घ्यावी. विमानात तबला-डग्गा कडक पेटीत, सामानात द्यावा. त्याआधी गठ्ठे उतरवून वाद्या सैल कराव्यात. खरा धोका मात्र प्रवासात नसून हिवाळ्यात असतो. अमेरिकेच्या उत्तर भागात थंडीत खोल्या सतत तापवलेल्या असतात, त्यामुळे हवा फार कोरडी होते. अशा हवेत पुडी ताणली जाते आणि शाईला भेगा पडतात. खोलीत लहान ह्युमिडिफायर ठेवावा, वाद्य तापवणीच्या जाळीजवळ ठेवू नये आणि वाजवून झाल्यावर ते झाकावे. दोन जादा पुड्या सोबत न्याव्यात, कारण तिथल्या लहान गावात पुडी बसवून देणारा कारागीर मिळणार नाही.

प्रश्न : मुलाला संगीत हाच मुख्य विषय घ्यायचा आहे. तो चर्चच्या शाळेत व्हायोलिन शिकला आहे. बी.ए. की बॅचलर ऑफ म्युझिक? आणि खर्चाचे काय? (एक पालक, मडगाव)

उत्तर : गोव्यातील चर्चशाळांनी पोर्तुगीज काळापासून कित्येक पिढ्यांना नोटेशन वाचायला शिकवले, आणि दोन आवाजांत मांडो गाणाऱ्या घरातील मुलाला स्वरमेळ म्हणजे काय हे कोणी सांगावे लागत नाही. तेव्हा तयारीचा प्रश्न आपल्याकडे कमी आहे. निवड मात्र विचारपूर्वक करावी.

तिथल्या मान्यतेच्या निकषांनुसार बॅचलर ऑफ म्युझिक या पदवीत अभ्यासाचा किमान सुमारे ६५ टक्के भाग संगीताचा असतो, तर संगीत घेऊन केलेल्या बी.ए.मध्ये तो ३० ते ४५ टक्के असतो. ज्याला वादक म्हणूनच उभे राहायचे आहे आणि जो रोज चार तास सराव आजही न सांगता करतो, त्याने पहिली पदवी घ्यावी. ज्याच्या मनात अजून दुसराही विषय आहे, त्याने बी.ए. घ्यावी. लॉरेन्ससारख्या ठिकाणी पाच वर्षांत दोन्ही पदव्या घेण्याची सोय आहे. ती मोहक आहे, पण पाचव्या वर्षाचे शुल्क हिशेबात धरूनच तिच्याकडे पाहावे. अठराव्या वर्षी मुलाला आपले मन पुरते कळलेले नसते, म्हणून मी स्वतः बी.ए.कडे झुकते. लहान विद्यापीठात बी.ए.च्या विद्यार्थ्यालाही वाद्यवृंदात आणि चार वादकांच्या चौकडीत भरपूर वाजवायला मिळते, कारण व्हायोलिनच्या खुर्च्या भरायला माणसे लागतातच.

खर्चाविषयी तीन गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात. वैयक्तिक शिकवणीचे शुल्क वेगळे आहे का, हे पहिले. अनेक ठिकाणी मुख्य विषय घेणाऱ्याला ते माफ असते आणि इतरांना भरावे लागते. वृंदात वाजवण्याच्या अटीवर शिष्यवृत्ती मिळते का, हे दुसरे. बऱ्याच लहान खाजगी संस्था अशी शिष्यवृत्ती संगीत मुख्य विषय नसलेल्यांनाही देतात, पण एक सत्र वृंद सोडला तर ती थांबते, आणि ही अट पालकांना पुष्कळदा उशिरा कळते. परदेशी विद्यार्थी तिला पात्र आहे का, हे तिसरे. ध्वनिमुद्रण पाठवण्याची मुदत बहुधा प्रवेशाच्या आदल्या वर्षीच्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये संपते. मुद्रण चांगल्या मायक्रोफोनवर, शांत खोलीत आणि न कापता करावे.

आणखी एक सूचना, कारण या बाबतीत चांगल्या घरची मुले अजाणता अडचणीत येतात. विद्यार्थी व्हिसावर असताना विद्यापीठाच्या आवारात, सत्र चालू असताना, आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येते. वाद्यवृंदाच्या ग्रंथालयात किंवा सभागृहाच्या दारावर अशी कामे मिळतात. आवाराबाहेर मोबदला घेऊन वाजवणे मात्र परवानगीशिवाय चालत नाही. अमेरिकेत मराठी मंडळे गावोगाव आहेत, त्यांचे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१पासून काम करत आहे, आणि गणेशोत्सव नेमका सत्राच्या आरंभी येतो. तिथे मुलाला प्रेमाने वाजवायला बोलावतील आणि प्रेमानेच पाकीट देतील. ते घेण्यापूर्वी विद्यापीठातील परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात विचारावे. मंडळींना कारण सांगितले तर कोणी रागावत नाही.

प्रश्न : परदेशी जाणे मला शक्य नाही. आपल्याकडे लहान विद्यापीठात राहून संगीत शिकण्याची आणि वृंदात गाण्याची सोय आहे का? (एक विद्यार्थिनी, गोंदिया)

उत्तर : तुम्ही ज्या गावी राहता, तिथून असे एक विद्यापीठ फार दूर नाही. छत्तीसगडमधील खैरागढचे इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय १९५६ साली, तिथल्या राजघराण्याने दिलेल्या राजवाड्यात सुरू झाले. लहानपणीच वारलेल्या राजकन्येचे नाव त्याला दिलेले आहे. संगीत, नृत्य आणि दृश्यकला यांसाठीच ते स्थापन झाले. मुंबईत जन्मलेले आणि भातखंड्यांचे पट्टशिष्य असलेले श्रीकृष्ण रातंजनकर हे त्याचे कुलगुरू होते, म्हणून मराठी विद्यार्थ्याला तिथे परके वाटण्याचे कारण नाही. मुंबई-हावडा मार्गावर डोंगरगड किंवा राजनांदगावला उतरून पुढे रस्त्याने जाता येते. प्रवेशाचे नियम आणि अभ्यासक्रम दरवर्षी विद्यापीठाकडूनच पाहावेत.

वृंदाच्या बाबतीत मात्र आपल्याकडची उणीव स्पष्टपणे सांगितली पाहिजे. आपल्या बहुतेक संगीत विभागांत वर्ग, परीक्षा आणि एकल मैफल यांचीच घडी बसलेली आहे. वर्षभर नेमाने तालीम करणारा वृंद, ज्याच्या तालमीला हजेरी आणि गुण आहेत, असा क्वचितच दिसतो. युवक महोत्सव जवळ आला की समूहगानाचा गट जमतो, महिनाभर कसून तयारी होते, बक्षीस मिळते किंवा मिळत नाही आणि गट पांगतो. पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. यात मुलांची मेहनत कमी नसते. पण एकमेकांचा आवाज ऐकून आपला आवाज बसवण्याची सवय महिनाभरात लागत नाही, आणि विभागांनी ही घडी बदलावी, असे मला फार वर्षांपासून वाटत आले आहे.

तोवर तुम्हाला कोणाची वाट पाहायची गरज नाही. वसतिगृहातल्या चौघीजणींनी आठवड्यातून दोन ठरावीक संध्याकाळी भेटायचे, आणि परीक्षा आल्या तरी त्या वेळा मोडायच्या नाहीत, असे ठरवावे. पहिले दोन महिने गाणे बसवू नये. तंबोरा नीट जुळवून एकीने षड्ज लावावा, दुसरीने पंचम, आणि दोघींचे स्वर एकमेकांत मिसळले असे वाटेपर्यंत तिसरीने गप्प राहावे. मग तिने गंधार लावावा, हळू आवाजात, आणि चौथीने डोळे मिटून ऐकून तो चढा आहे की उतरता एवढेच सांगावे. दर पाच मिनिटांनी जागा बदलाव्यात.